गाडी आठ लाखांची, बिल दहा लाखांचे!

नवी मोटार घेताना किमतीवर घासाघीस करायला आपण विसरत नाही. पण कोटेशनच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक अक्षरांत लिहिलेल्या 'वरखर्चां'कडे मात्र दुर्लक्ष होते. यांतले सक्तीचे कोणते, ऐच्छिक कोणते आणि सरळ नाकारायचे कोणते?

दसऱ्याला दहा दिवस उरले आहेत. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. काचेच्या दाराशी झेंडूचे तोरण, आत गार हवा, हसतमुखाने पुढे केलेले कॉफीचे पेले. पांढरी गाडी मुलांनी आधीच पसंत केली आहे आणि धाकटी तर मागच्या सीटवर जाऊन बसलीही आहे. आजोबा दार दोनदा उघडून-मिटून आवाज ऐकतात आणि समाधानाने मान डोलावतात. सेल्समन एक छापील कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, "सर, टोकन आजच देऊन टाका. दसऱ्याचा मुहूर्त हवा असेल तर उद्यापर्यंत थांबू नका."

घरातले पुरुष खिशातून मोबाइल काढतात. इतक्यात घरची गृहिणी तो कागद हातात घेते. वाण्याचे बिल ती ज्या सवयीने वाचते, त्याच सवयीने वरून खाली वाचत जाते आणि मग शांतपणे विचारते, "गाडी आठ लाखांची म्हणालात ना? मग खाली नऊ लाख चौऱ्याण्णव हजार पाचशे कसे काय?"

हे दृश्य कोणत्याही शहरातल्या कोणत्याही शोरूममधले असू शकते. गाडीची जाहिरात एका आकड्याची असते आणि चावी हातात पडते तेव्हा बँक खात्यातून गेलेला आकडा दुसराच असतो. मधल्या फरकातला काही भाग सरकारचा असतो, काही विमा कंपनीचा आणि काही निव्वळ डीलरचा. या तीन भागांची सरमिसळ झाली की ग्राहकाला वाटते, सगळेच 'नियमाप्रमाणे' आहे. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, अशी गत होते ती इथेच.

आधी कागद समजून घ्या

उदाहरणादाखल याच कुटुंबाचा कागद पाहू. बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल गाडी, महाराष्ट्रात नोंदवायची आणि निम्मी रक्कम कर्जाने उभी करायची. कोटेशनमध्ये असे आकडे होते :

एक्स-शोरूम किंमत : ८,००,०००
आरटीओ : ९९,५००
विमा : ४६,०००
हँडलिंग व लॉजिस्टिक : ७,५००
बेसिक अ‍ॅक्सेसरी किट : १४,९००
टेफ्लॉन व अंडरबॉडी कोटिंग : ९,५००
वाढीव वॉरंटी : १३,०००
फास्टॅग : ६००
कर्जाचा फाइल चार्ज : ३,५००
एकूण : ९,९४,५००

पहिला आकडा पक्का असतो. एक्स-शोरूम किंमत म्हणजे कंपनीने त्या शहरासाठी जाहीर केलेली किंमत. जीएसटी, कारखान्यापासून शोरूमपर्यंतची वाहतूक आणि डीलरचा नफा हे सगळे तीत आलेले असते. जुन्या दरपत्रकावर मात्र विसंबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर तो १८ टक्के झाला, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर तो पूर्वीप्रमाणेच ५ टक्के राहिला. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या शहराची किंमत पाहूनच घराबाहेर पडावे.

पहिल्या ओळीखालच्या प्रत्येक रकमेला मात्र दोन प्रश्न विचारायचे : 'ही रक्कम नेमकी कशाची?' आणि 'हिची वेगळी पावती मिळेल ना?' या दोन प्रश्नांतच निम्मी घासाघीस होऊन जाते.

आरटीओचा आकडा : सरकारचे किती, वरचे किती?

'आरटीओ' हा शब्द ऐकला की ग्राहक गप्प होतो. सरकारशी कोण वाद घालणार? पण या एका शब्दाखाली अनेक रकमा एकत्र बांधलेल्या असतात. सर्वांत मोठा भाग राज्याच्या एकरकमी वाहन कराचा असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा हा कर आहे. डिझेलचा दर याहून जास्त आहे, सीएनजीचा कमी. कर राज्याराज्यांत वेगळा असतो. त्यामुळे बंगळुरू, हैदराबाद, इंदूर किंवा पणजीला राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा दर पाहावा, पुण्याच्या भावाने सांगितलेला नव्हे.

कराखेरीज उरलेल्या सरकारी रकमा अगदी छोट्या असतात. मोटार वाहन नियमांनुसार खासगी मोटारीचे नोंदणी शुल्क ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि गाडी कर्जाने घेतली असेल तर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५०० रुपये. आठ लाखांच्या गाडीवर कर सुमारे ८८ हजार. त्यात किरकोळ अधिभार आणि हे शुल्क धरले तरी बेरीज ९२ हजारांच्या आसपास थांबते. मग कागदावर ९९,५०० कुठून आले?

उत्तर बहुधा 'एजंटचा खर्च', 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'नंबर प्लेट' असे येते. त्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, त्याच राज्यात नोंदवायच्या नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा आहे आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही. म्हणजे हे काम त्याने आपल्यावर केलेला उपकार नसून त्याची जबाबदारी आहे. दुसरी गोष्ट नंबर प्लेटची. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीनेच गाडीबरोबर पुरवायची आहे. तिच्यासाठी वेगळी रक्कम मागितली, तर ती कोणत्या आधाराने, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

कर आणि शुल्क ऑनलाइन भरले जाते आणि त्याची सरकारी पावती निघते. म्हणून डीलरला सरळ सांगावे, "आरटीओची रक्कम आम्ही सरकारी पावतीप्रमाणे देऊ." हे एक वाक्य उच्चारले की आकडा आपोआप खाली येतो. पसंतीचा नंबर घेणार असाल तर त्याचे शुल्क वेगळे आहे. तेही सरकारी पावतीवरच द्यावे.

हँडलिंग म्हणजे नेमके काय हाताळले?

या कागदावरची सर्वांत वादग्रस्त ओळ हीच. कुठे तिला 'हँडलिंग चार्ज' म्हणतात, कुठे 'लॉजिस्टिक', 'डेपो चार्ज' किंवा 'फॅसिलिटेशन'. नाव बदलते, अर्थ तोच राहतो. गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा, ती धुऊन-पुसून तयार करण्याचा खर्च म्हणून ही रक्कम सांगितली जाते. पण हा खर्च एक्स-शोरूम किमतीत आधीच आलेला असतो. दुकानदाराने साडीची किंमत घेऊन वर 'गिरणीतून दुकानापर्यंतचे भाडे' मागावे, तसाच हा प्रकार. काही राज्यांच्या परिवहन खात्यांनी अशी वसुली करू नका असे डीलरांना वेळोवेळी बजावले आहे आणि ग्राहक मंचांनी ही रक्कम परत करण्याचे आदेशही दिले आहेत.

तरीही ती मागितली जाते, कारण बहुसंख्य ग्राहक ती देतात. शोरूममध्ये साधारण असा संवाद होतो :

"मॅडम, ही रक्कम सगळ्यांकडूनच घेतो. कॉम्प्युटरमध्ये फिक्स आहे."

"ठीक आहे. मग कंपनीच्या दरपत्रकात ही ओळ कुठे आहे, तेवढं दाखवा."

"कंपनीच्या नाही, ती आमच्या डीलरशिपची आहे."

"मग डीलरशिपच्या लेटरहेडवर लिहून द्या, की ही रक्कम एक्स-शोरूम किमतीव्यतिरिक्त 'हँडलिंग' म्हणून घेतली."

याच्या पुढे संवाद क्वचितच जातो. सेल्समन 'मॅनेजर साहेबांना विचारतो' म्हणून उठतो आणि परत येतो तेव्हा ती ओळ कागदावरून गेलेली असते, किंवा तेवढीच सूट दुसऱ्या ओळीत दाखवलेली असते. आवाज चढवण्याची गरज पडत नाही. लेखी मागणी हेच इथले हत्यार आहे.

विम्यात सर्वांत जास्त वाव

चार-पाच हजारांच्या हँडलिंगवरून लोक भांडतात आणि दहा-बारा हजारांचा विमा मात्र मुकाट्याने घेतात. खरे तर घासाघिशीला सर्वाधिक जागा विम्यातच असते.

विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचे दर सरकार ठरवते. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या नव्या मोटारीचा तीन वर्षांचा हप्ता जीएसटीखेरीज १०,६४० रुपये आहे. विमा कंपनी कोणतीही असो, हा आकडा तोच राहतो.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. याचे दर २००७ पासून खुले आहेत. म्हणजे प्रत्येक कंपनी वेगळा भाव आणि वेगळी सूट देऊ शकते. कागदावरचे ४६ हजार आणि बाहेर मिळणारे ३३ हजार यांतला फरक जन्म घेतो तो इथे. शिवाय शून्य घसारा, इंजिन संरक्षण, चावी हरवल्यास भरपाई, टायर संरक्षण अशी पूरक कवचे न विचारता जोडलेली असतात.

डीलरकडूनच विमा घ्या, अशी सक्ती तो करू शकत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने डीलरांमार्फत होणाऱ्या विमाविक्रीसाठी २०१७ मध्ये मार्गदर्शक नियम लागू केले आणि त्यांत ग्राहकाचे निवडीचे स्वातंत्र्य स्पष्ट केले. तरी दोन भीती हमखास घातल्या जातात. पहिली म्हणजे बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही. वास्तविक कॅशलेस सोय विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही, यावर ठरते. पॉलिसी कुठून घेतली यावर नाही. दुसरी म्हणजे वॉरंटी जाईल. गाडीची वॉरंटी आणि विमा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

तुलना करताना मात्र आंबे आंब्यांशीच तोलावेत. गाडीचे विमामूल्य आणि पूरक कवचे दोन्ही कोटेशनांत सारखी हवीत. नाहीतर स्वस्त पॉलिसी अपघातानंतर महागात पडते. नव्या गाडीला शून्य घसारा कवच असणे शहाणपणाचे. सखल भागात, पाणी तुंबणाऱ्या वस्तीत राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षणही घ्यावे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत किती गाड्या बुडाल्या, ते मुंबईकर विसरलेले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बंदिस्त पार्किंगमध्ये गाडी उभी करणाऱ्याने ते घ्यावेच असे नाही.

आणखी दोन बचती अनेकांना माहीत नसतात. जुनी गाडी विकून नवी घेत असाल, तर जुन्या गाडीवर साठलेला 'नो क्लेम बोनस' आपला असतो, गाडीचा नव्हे. जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. त्याचप्रमाणे मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवच आपल्याकडे आधीच असेल, तर ते पुन्हा घ्यावे लागत नाही.

बाहेरून विमा घेण्यासाठी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लागतो. काही ठिकाणी हे नंबर शेवटच्या दिवसापर्यंत दिले जात नाहीत आणि मग 'आता वेळ नाही, आमचाच घ्या' असे होते. म्हणून गाडी आपल्या नावे लागली की लगेच नंबरासह प्रोफॉर्मा बिल मागून घ्यावे.

आपल्या उदाहरणातल्या गृहिणीने बाहेरचे ३३,५०० चे कोटेशन मोबाइलवर दाखवले. डीलर ३५,२०० वर आला. पुढे दुरुस्ती त्याच वर्कशॉपमध्ये करायची होती, म्हणून कुटुंबाने सतराशे रुपये जास्त देऊन तिथलीच पॉलिसी घेतली. पण ती सक्तीने नव्हे, हिशेब करून.

सीटकव्हर, कोटिंग आणि वॉरंटी

'बेसिक किट' या शब्दाने फसू नये. त्यात बहुधा सीटकव्हर, पायपुसणी, मडफ्लॅप, गाडीचे आच्छादन, सुगंधी बाटली आणि देव्हाऱ्यातला छोटा गणपती असतो. हे सगळे बाजारात वेगवेगळ्या भावात मिळते. किट नको, यादीतून वस्तू निवडतो, असे सांगावे. या कुटुंबाने फक्त पायपुसणी आणि मडफ्लॅप घेतले : ३,४०० रुपये. सीटकव्हर दिवाळीनंतर ओळखीच्या कारागिराकडून शिवून घ्यायचे ठरले. मात्र बाजूच्या सीटमध्ये एअरबॅग असेल तर तिला अडथळा न होणारेच कव्हर हवे. तसेच दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टिम यांसाठी मूळ वायरिंग तोडले तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. त्यामुळे विजेशी संबंधित काम बाहेर करू नये.

टेफ्लॉन किंवा तत्सम कोटिंग ही मुख्यतः चकाकीची बाब आहे. नव्या गाडीला कारखान्यातच गंजरोधक थर आणि रंगाचे अनेक हात दिलेले असतात. समुद्रकाठी, खाऱ्या हवेत राहणाऱ्या कोकणातल्या वा गोव्यातल्या कुटुंबाने गाडीच्या पोटाला जादा थर देण्याचा विचार जरूर करावा. नाशिक-नागपूरच्या माणसाने ते 'अत्यावश्यक' मानण्याचे कारण नाही.

वाढीव वॉरंटी वेगळी गोष्ट आहे. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग पुष्कळ असतात आणि त्यांतला एखादा बिघडला तर खर्च मोठा येतो. गाडी सात-आठ वर्षे वापरायची असेल, तर कंपनीची वाढीव वॉरंटी उपयोगी पडू शकते. फक्त ती कंपनीची आहे की डीलरची, त्यात कोणते भाग येत नाहीत आणि ती नंतर कधीपर्यंत घेता येते, हे लेखी विचारावे. अनेक कंपन्या ती नंतरही देतात, त्यामुळे 'आजच घ्यावी लागेल' हे वाक्य पडताळून पाहावे. आपल्या कुटुंबाने ती १३,००० ला ठेवली, कारण आजोबांना दर महिन्याला दवाखान्यात न्यायचे होते आणि रस्त्यात गाडी बंद पडलेली परवडणार नव्हती. प्रत्येक वरखर्च वाईट असतो असे नाही. तो आपल्या गरजेतून यावा, एवढेच.

कर्जाचा कागदही वाचा

शोरूममध्येच कर्ज मिळते, सही केली की झाले. ही सोय मोफत नसते. डीलरला कर्जावर दलाली मिळते आणि 'फाइल चार्ज', 'लॉगिन फी' अशा रकमा ग्राहकाच्या माथी येतात. आपले पगाराचे खाते जिथे आहे त्या बँकेचा व्याजदर आधी विचारून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ग्राहकाला मुख्य बाबींचे विवरण देणे बंधनकारक आहे. व्याजाबरोबर सर्व शुल्क धरून वर्षाला खरा दर किती पडतो, हे त्यात लिहिलेले असते. महिन्याच्या हप्त्याची तुलना न करता या दराची करावी. हप्ता लहान दाखवायचा असेल तर मुदत दोन वर्षे वाढवली की झाले. पण त्याचे व्याज आपणच भरतो.

दहा लाखांहून महाग गाडी घेणाऱ्यांच्या कागदावर 'टीसीएस' अशी एक टक्क्याची ओळ असते. ही मात्र डीलरची कमाई नाही. ती आपल्या पॅन नंबरवर आयकर खात्यात जमा होते आणि विवरणपत्र भरताना करात वळती होते किंवा परत मिळते. डीलरला पॅन नंबर बरोबर दिला आहे ना, एवढे पाहावे.

घासाघिशीची वेळ आणि रीत

डीलर हा काही खलनायक नव्हे. जागेचे भाडे, पगार आणि गाड्यांच्या साठ्यावरचे व्याज यांत त्याचा बराच नफा जातो. विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरी आणि पुढची सर्व्हिसिंग यांतून तो उत्पन्न काढतो. म्हणूनच या ओळींत हात सैल करण्याची जागा त्याच्याकडे असते. गाडीच्या किमतीवर सूट देणेही त्याच्या हातात असते. डीलरांना जादा सूट देण्यापासून रोखल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये एका मोठ्या मोटार कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली.

घासाघिशीची खरी वेळ टोकन देण्यापूर्वीची. टोकन दिले की आपली बाजू निम्मी लंगडी होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते शोरूममध्ये फार खरे ठरते. म्हणून पहिल्या भेटीत मुलांना नेले तरी व्यवहाराच्या दिवशी नेऊ नये. मागच्या सीटवर बसून 'बाबा, हीच गाडी' म्हणणारी मुलगी सेल्समनची सर्वांत मोठी मदतनीस असते!

एकाच कंपनीच्या निदान दोन डीलरांकडून लेखी कोटेशन घ्यावे. राज्यातल्या दुसऱ्या शहरात घेतलेली गाडीही आपल्या पत्त्यावर नोंदवता येते, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातला डीलरही स्पर्धेत आणता येतो. महिनाअखेर आणि वर्षअखेर विक्रीचे लक्ष्य गाठायचे असते, तेव्हा सूट सैल सुटते. फक्त डिसेंबरात घेताना गाडीच्या निर्मितीचा महिना-वर्ष पाहावे, कारण पुढे विकताना ती एक वर्षाने जुनी धरली जाते.

मागणी असलेल्या गाडीला महिनोन् महिने थांबावे लागते आणि तिथे 'किट घेतलं तर लवकर देतो' अशी अट घातली जाते. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणे हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथेत मोडतो. तसे शांतपणे सांगून कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला ई-मेल पाठवावा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. यासाठी हवी असते फक्त पावती. म्हणूनच रोख रक्कम, सेल्समनच्या खासगी खात्यावरचे पैसे, 'बिल नको तर कमी करतो' असले सौदे टाळावेत. पैसे नेहमी डीलरशिपच्याच खात्यावर द्यावेत.

पन्नास हजारांचा मुहूर्त

शेवटी त्या कुटुंबाचा कागद पुन्हा लिहिला गेला. आरटीओ पावतीप्रमाणे ९२,०००. विमा ३५,२००. हँडलिंग, कोटिंग आणि फाइल चार्ज यांवर काट. किटऐवजी ३,४०० च्या वस्तू. वॉरंटी आणि फास्टॅग होते तसेच. एकूण ९,४४,२००. म्हणजे पहिल्या कागदापेक्षा ५०,३०० रुपये कमी. दीड तासाच्या बोलण्यात ना कुणाचा आवाज चढला, ना कुणाचा अपमान झाला. आजोबांनी मध्येच विचारलेही, "अगं, एवढ्या मोठ्या खरेदीत पाचशे-हजारांवरून कशाला अडायचं?" त्यावर ती म्हणाली, "बाबा, भाजीवाल्या मावशीशी आपण पाच रुपयांवरून घासाघीस करतोच ना? ती बिचारी उन्हात बसलेली असते. इथं तर एसी आहे."

थोरले आकडे पाहिले की माणसाचे लहान आकड्यांचे भान सुटते. आठ लाखांपुढे साडेसात हजार किरकोळ वाटतात. पण तेच साडेसात हजार घरी आले की मुलाच्या शिकवणीची फी होतात, गॅसचे सिलिंडर होतात, वर्षभराचे तांदूळ होतात. दसऱ्याला गाडीला हार घालावा, नारळ फोडावा, चाकाखाली लिंबू ठेवावे. पण त्याआधी तो छापील कागद एकदा वरून खाली वाचावा.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी

• कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या शहराची एक्स-शोरूम किंमत लिहून घ्या.
• राज्याच्या वाहन कराचा दर काढून आरटीओचा अंदाजी आकडा घरीच मांडा.
• विम्याची दोन कोटेशने मोबाइलवर तयार ठेवा. विमामूल्य आणि पूरक कवचे सारखी असू द्या.
• आपल्या बँकेचा कर्जदर आणि शुल्क आधी विचारा.
• टोकन देण्यापूर्वी प्रत्येक ओळीसह लेखी कोटेशन घ्या. बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, तेही लिहून घ्या.
• 'नियमच आहे' असे सांगितले तर नियम दाखवायला सांगा.
• ताबा घेताना मूळ बिल, कराची पावती, विमा पॉलिसी आणि वॉरंटीचे कागद तपासा. चेसिस नंबर गाडीशी जुळवून पाहा.
• सर्व पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. गाडी विकेपर्यंत त्या लागतात.